अभ्यासाचा रोजमेळ

दिवाळीचे वहीपूजन आटोपते, नव्या वहीच्या पहिल्या पानावर शुभ-लाभ उमटतो आणि व्यापारी घरांत व्यवहाराचे नवे वर्ष सुरू होते. त्याच सुमारास घरातील विद्यार्थ्यांचे वर्ष मात्र अखेरीकडे झुकू लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा आणि त्यांच्या मागोमाग सनदी लेखापाल अभ्यासक्रमाच्या पहिल्या पायरीची तयारी. अभ्यासाच्या खोलीतील दिवा रात्री उशिरापर्यंत जळत राहतो. दुकानातून परतलेले वडील दूरदर्शन संचाचा आवाज कमी करतात आणि आई पाहुण्यांना हळू बोलण्याची खूण करते. याच दिवसांत अनेक घरांतून एक वाक्य ऐकू येते : "मुलगा वाचतो पुष्कळ, पण त्याच्या डोक्यात काही राहतच नाही."

वाक्य काळजीपोटी उच्चारलेले असते, पण त्याचा परिणाम खोल असतो. ते आधी आत्याला फोनवर सांगितले जाते, मग लग्नाच्या पंगतीत, मग पाहुण्यांसमोर. मुलगा प्रथम शरमतो, पुढे त्यावर विश्वास ठेवू लागतो आणि शेवटी त्याच वाक्याच्या आडोशाला जाऊन बसतो. स्मरणशक्तीच जन्मतः कमी असेल तर प्रयत्न तरी कशाला करायचा? मग एखाद्या रविवारी घरातील वडीलधारे म्हणतात, "राहू दे, आपले दुकान आहेच." पेढीवर बसणे हा मानाचाच व्यवसाय आहे. मात्र स्वतः निवडून गादीवर येणारा तरुण आणि अभ्यासात हरलो म्हणून गादीवर येणारा तरुण यांत फार अंतर असते. दुसऱ्याच्या मनातील ती हार पुढे अनेक वर्षे त्याच्या निर्णयांत डोकावत राहते.

म्हणून हे वाक्य खरे मानण्यापूर्वी त्याची तपासणी झाली पाहिजे. कोणताही सावध व्यापारी वसुलीचा एकही नीट प्रयत्न न करता येणे रक्कम बुडीत खात्यावर टाकत नाही. मुलाच्या बुद्धीच्या बाबतीत तरी ती घाई का व्हावी?

गल्ल्यावरची स्मृती आणि टेबलावरची स्मृती

एखाद्या तालुक्याच्या गावातील लोखंडी सामानाच्या दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. घरचा १७ वर्षांचा मुलगा बारावी वाणिज्य शाखेत शिकतो आणि सुट्टीच्या दिवशी गल्ल्यावर बसतो. गिऱ्हाइकाने चार इंची बिजागरी मागितली तर मान वर न करता तो सांगतो, डाव्या हाताची तिसरी फळी. कोणत्या डब्यात कोणत्या मापाचे स्क्रू आहेत, कोणता मिस्त्री कोणता रंग नेतो, कोणाची उधारी किती दिवसांची झाली, मागच्या खेपेस भाव काय लावला होता, हे सारे त्याच्या जिभेवर असते. हाच मुलगा भागीदारी कायद्याचे मुद्दे सहा वेळा वाचतो आणि पुस्तक मिटल्यावर दुसऱ्याच मुद्द्यावर अडतो.

एकाच माणसाची स्मरणशक्ती दुकानात तल्लख आणि घरी मंद कशी असेल? फरक आहे तो तिला मिळणाऱ्या कामात. दुकानात माहिती मिळवण्याची वेळ थोडी आणि ती आठवून सांगण्याची वेळ पुष्कळ. प्रत्येक गिऱ्हाईक हा एक प्रश्न असतो आणि उत्तर मनातूनच बाहेर काढावे लागते. चूक झाली तर वडील तिथल्या तिथे सुधारतात. तोच प्रश्न आज येतो, चार दिवसांनी येतो, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो. शिवाय प्रत्येक वस्तूला तेथे अर्थ असतो. बिजागरी दाराला लागते, दार कोणाच्या तरी घराला लागते आणि त्या घराचा मालक ओळखीचा असतो. अभ्यासाच्या टेबलावर यांतील काहीच घडत नाही. तेथे एकच पान पुन्हा पुन्हा डोळ्यांखालून जाते, पिवळ्या शाईने रंगवले जाते आणि मिटले जाते. माल आत येतच राहतो. तो बाहेर काढण्याचा सराव मात्र थेट परीक्षेच्या दिवशी, तीन तासांच्या घाईत प्रथमच होतो.

स्मरण वाढवण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. मनात माहिती ओतत राहिल्याने स्मृती बळकट होत नाही. ती बळकट होते माहिती पुन्हा पुन्हा मनातून बाहेर काढल्याने.

दोन प्रयोगांची साक्ष

हे केवळ अनुमान नाही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने १८८५ साली स्मृतीवरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याने स्वतःवरच प्रयोग केले. पूर्वीच्या ज्ञानाचा आधार मिळू नये म्हणून त्याने निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या तयार केल्या, त्या पाठ केल्या आणि काही काळाने त्याच याद्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो हे मोजले. एका तासानंतर वाचणारा वेळ निम्म्याहूनही कमी झाला होता. एका दिवसानंतर तो सुमारे एक तृतीयांशावर आला, तर महिन्यानंतर सुमारे एक पंचमांश उरला. विस्मरणाचा मोठा घाला पहिल्याच दिवशी पडतो आणि पुढे त्याचा वेग मंदावतो, हे त्यातून दिसले. म्हणजे काल वाचलेले आज आठवत नाही हे मंद बुद्धीचे लक्षण मानण्याचे कारण नाही. तो मानवी मनाचा सर्वसाधारण धर्म आहे.

एबिंगहाउसने आणखी एक गोष्ट नोंदवली. एखादी यादी पक्की करण्यासाठी एकाच बैठकीत ६८ आवर्तने करून जो लाभ झाला, तोच लाभ तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवर्तनांनी मिळाला. श्रम जवळजवळ निम्मे झाले आणि लाभ तेवढाच राहिला. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून केलेला अभ्यास किती महाग पडतो, याचा हा हिशेब सव्वाशे वर्षांहून जुना आहे.

दुसरा प्रयोग अलीकडचा, २००६ सालचा. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार सत्रांत वाचला; या गटाचे सरासरी १४ वेळा वाचन झाले. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात तो तीन-चार वेळा वाचला आणि उरलेली तीन सत्रे, उतारा समोर न ठेवता, आठवेल तेवढे लिहून काढण्यात घालवली. पाच मिनिटांनंतर परीक्षा घेतली तेव्हा वाचणारा गट पुढे होता : त्याला सुमारे ८३ टक्के आठवले, तर लिहिणाऱ्या गटाला ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि आठवून लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के.

या प्रयोगातील सर्वांत महत्त्वाची बाब आकड्यांच्याही पलीकडची आहे. आपल्याला पुढे किती आठवेल असे विचारले असता, अधिक विश्वास वारंवार वाचणाऱ्या गटानेच दाखवला होता. पुन्हा पुन्हा वाचल्याने पान ओळखीचे होते आणि ती ओळखच ज्ञान वाटू लागते. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण हाक मारायला नाव आठवत नाही, तशीच ही गत. परीक्षा ओळख विचारत नाही, ती नाव विचारते. याउलट पुस्तक मिटून आठवायला बसले की पदोपदी अडखळायला होते आणि आपल्याला काहीच येत नाही असे वाटते. योग्य पद्धत प्रारंभी चुकीची वाटते आणि चुकीची पद्धत सुखाची वाटते. पुष्कळ कष्टाळू मुले या वळणावरूनच परत फिरतात. म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवले पाहिजे की आठवताना होणारा त्रास हा त्या व्यायामाचाच भाग आहे.

पाठशाळेतील जुना वस्तुपाठ

जैन कुटुंबांना ही रीत मुळीच परकी नाही. पाठशाळेत लहान मुले सूत्रे पाठ करतात. गाथा पुस्तकात पाहून शिकली जाते, पण शिक्षकांसमोर ती पुस्तक मिटूनच म्हणून दाखवावी लागते. ती नीट आली की पुढची गाथा मिळते, अडली तर तीच पुन्हा. ज्या मुलाच्या डोक्यात काही राहत नाही अशी घरात तक्रार असते, त्याच मुलाला सात-आठ वर्षांचा असताना शिकलेले लोगस्स सतराव्या वर्षी अडखळल्याविना येते. ते तेव्हा आठवून म्हटले गेले आणि पुढे वर्षानुवर्षे म्हटले जात राहिले, म्हणून ते टिकले.

तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाला आभ्यंतर तपात स्थान दिले आहे आणि त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. समजून घेत पाठ घेणे, शंका विचारणे, अर्थाचे चिंतन करणे, शुद्ध आवर्तन करणे आणि दुसऱ्याला सांगणे, असा त्यांचा सोपा अर्थ. स्वाध्यायाचा हेतू आत्मकल्याणाचा आहे आणि परीक्षेतील गुणांशी त्याची सांगड घालणे योग्य होणार नाही. तरीही शिकण्याच्या क्रियेचे इतके पूर्ण वर्णन क्वचितच आढळते. आजच्या विद्यार्थ्याच्या दिवसावर नजर टाकली तर या पाचांपैकी पहिलाच प्रकार, तोही अर्धवट, उरलेला दिसतो. बाकीचे चार शिकवणीच्या धावपळीत गळून पडले आहेत.

रोजमेळ कसा मांडावा

व्यापारी रोज सायंकाळी रोजमेळ मांडतो. गल्ल्यातील रोख मोजतो, वहीतील शिल्लक पाहतो आणि फरक निघाला तर त्याच रात्री शोधतो. महिनाभराचा फरक एकदम शोधायला बसणारा व्यापारी विरळाच. अभ्यासालाही हीच शिस्त लावता येते.

एक बैठक साधारण पाऊण तासाची धरावी. पहिली २५ ते ३० मिनिटे मजकूर समजून वाचावा. मग पुस्तक मिटून बाजूला ठेवावे आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते आपल्या शब्दांत लिहावे. सुंदर अक्षराची, पूर्ण वाक्यांची गरज नाही. मुद्दे, आकृती, सूत्र, जे येईल ते लिहावे. अडले तरी पुस्तक लगेच उघडू नये. दोन-तीन मिनिटे मनाला शोध घेऊ द्यावा. नंतर पुस्तक उघडून ताळा करावा आणि सुटलेले मुद्दे लाल शाईने भरावेत. ही लाल शाई म्हणजे त्या दिवसाची तूट. पुढच्या वेळी संपूर्ण पाठ वाचण्याऐवजी या तुटीपासूनच प्रारंभ करावा.

रात्री झोपण्यापूर्वी १५ मिनिटे दिवसाचा मेळ घ्यावा. आज कोणत्या विषयात काय नवीन शिकलो, हे वही न पाहता स्वतःला विचारावे. त्यानंतर तोच पाठ दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने, मग महिन्याने आठवून पाहावा. हे अंतर म्हणजे काही अढळ सूत्र नाही. परीक्षा दूर असेल तर अंतर वाढवावे, पाठ कठीण असेल तर कमी करावे. मात्र थोडेसे विसरायला लागल्यावर पुन्हा आठवणे, हे तत्त्व सोडू नये. यासाठी एक लहानशी मुदत-वही ठेवावी. हुंडीची मुदत जशी तारखेनुसार लिहिली जाते, तशी कोणत्या पाठाची उजळणी कोणत्या तारखेस, हे त्या वहीत लिहावे.

व्याख्या, कलमे, सनावळी आणि सूत्रे यांसाठी पत्त्यांची पेटी उपयोगी पडते. सेबास्टियन लाइटनर या लेखकाने १९७२ साली ही पद्धत लोकांपुढे मांडली. पत्त्याच्या एका बाजूस प्रश्न आणि दुसऱ्या बाजूस उत्तर लिहायचे. पेटीत पाच कप्पे करायचे. सारे पत्ते पहिल्या कप्प्यात ठेवून सुरुवात करायची. उत्तर बरोबर आले की पत्ता पुढच्या कप्प्यात जातो, चुकले की थेट पहिल्या कप्प्यात परत येतो. पहिला कप्पा रोज पाहायचा, पुढचे कप्पे अधिकाधिक अंतराने. जे येते त्यावर वेळ वाया जात नाही आणि जे येत नाही ते नजरेआड होत नाही. यासाठी विकतचे साहित्य लागत नाही. घरात साठलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून उत्तम पत्ते होतात आणि बुटांचा रिकामा खोका पेटीचे काम करतो.

हिशेबाच्या विषयांत आणखी एक पथ्य पाळावे. घसाऱ्याची स्थिर हप्ता पद्धतीची दहा उदाहरणे ओळीने सोडवली की हात चालू लागतो, पण डोके थांबते. त्याऐवजी स्थिर हप्ता, घटती शिल्लक, भागीदाराचा प्रवेश, हुंडी अशी उदाहरणे मिसळून सोडवावीत. परीक्षेत उदाहरणावर पद्धतीचे नाव नेहमीच ठळक लिहिलेले नसते. ती ओळखणे हाच अर्धा प्रश्न असतो.

अर्थाची गाठ

तरीही निव्वळ आवर्तन पुरेसे नाही. अर्थ कळल्याविना केलेले पाठांतर कच्च्या वहीतील नोंदीसारखे असते. त्याची खतावणी झालेली नसते. नवी माहिती जुन्या माहितीच्या योग्य खात्यावर गेली की ती हवी तेव्हा सापडते.

उदाहरण म्हणून भारतीय करार कायदा, १८७२ घ्यावा. अज्ञान व्यक्ती करार करण्यास सक्षम नसते, हे ११ वे कलम विद्यार्थी पाठ करतात आणि विसरतात. त्याच्या शेजारी मोहोरी बीबी विरुद्ध धर्मदास घोष हा खटला ठेवून पाहावा. एका अज्ञान तरुणाने आपली मालमत्ता सावकाराकडे गहाण ठेवून कर्ज घेतले. तो अज्ञान असल्याची सूचना सावकाराच्या वतीने व्यवहार पाहणाऱ्यास मिळालेली होती. पुढे त्या तरुणाच्या वतीने गहाणखत रद्द करण्यासाठी दावा झाला. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की अज्ञान व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक आहे. सावकाराच्या हाती ना गहाण राहिले, ना रक्कम आली. व्यापारी घरातील मुलाला ही हकिकत एकदा नीट सांगितली तर तो ती सहसा विसरणार नाही, कारण पैसे कसे बुडाले हे त्याला आपोआप समजते. कलमाला आता एक खाते मिळालेले असते.

क्रमाने लक्षात ठेवायच्या मुद्द्यांसाठी प्राचीन ग्रीस आणि रोममधील वक्ते ओळखीच्या वास्तूचा आधार घेत. मनानेच त्या वास्तूतून चालायचे आणि प्रत्येक जागी एक मुद्दा ठेवायचा. वैध कराराची १० व्या कलमातील अंगे अशी दुकानात मांडता येतील. उघडे शटर म्हणजे मुक्त संमती, कारण गिऱ्हाईक आपल्या इच्छेने आत येते. काउंटरच्या दोन बाजूंना उभी असलेली माणसे म्हणजे करारास सक्षम पक्ष. गल्ला म्हणजे कायदेशीर प्रतिफल. फळीवरचा माल म्हणजे कायदेशीर उद्देश. कोपऱ्यातील रद्दीची टोपली पाहून आठवायचे की तो करार कायद्याने निरर्थक ठरवलेला नसावा. परीक्षागृहात डोळे मिटून दुकानातून एक फेरी मारली की पाचही मुद्दे ओळीने हाती येतात.

अशा युक्त्यांचे सामर्थ्य आणि मर्यादा दाखवणारा एक प्रयोग १९८० साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात एका सर्वसामान्य स्मरणशक्तीच्या विद्यार्थ्याला ऐकलेले अंक क्रमाने सांगण्याचा सराव देण्यात आला. आरंभी त्याला सुमारे सात अंक आठवत. दीड वर्षाहून अधिक काळात, सुमारे २३० तासांच्या सरावानंतर, तो जवळजवळ ८० अंक सांगू लागला. तो धावपटू होता, म्हणून अंकांचे लहान गट करून तो त्यांना शर्यतीच्या वेळांचा अर्थ देत असे. पण अंकांऐवजी अक्षरे दिली तेव्हा त्याची मजल पुन्हा सहाच्या आसपास आली. म्हणजे त्याच्या मेंदूची सर्वसाधारण क्षमता वाढली नव्हती. त्या कामाची रीत त्याने कमावली होती. स्मरणशक्ती सरसकट दुप्पट करून देण्याच्या जाहिराती वाचताना हा प्रयोग ध्यानात ठेवावा. कायदा आठवायचा तर कायदाच आठवण्याचा सराव करावा लागतो.

बदाम, निद्रा आणि मोबाइल

परीक्षेच्या काळात घरोघरी बदाम भिजतात आणि स्मरणवर्धक पाकांच्या बाटल्या येतात. सकस आहाराचे महत्त्व आहेच, पण न आठवलेला पाठ कोणत्याही बाटलीतून येत नाही. याउलट एक विनामूल्य साधन घरोघरी नाकारले जाते, ते म्हणजे निद्रा. जेंकिन्स आणि डॅलेनबाख या संशोधकांनी १९२४ सालीच दाखवले होते की पाठ केल्यानंतर काही तास झोप मिळाली तर, तेवढेच तास जागे राहण्याच्या तुलनेत, अधिक आठवते. झोपेत दिवसभराच्या स्मृतींची घडी बसते हे पुढील संशोधनानेही दाखवून दिले आहे. रात्री दोनपर्यंत जागून केलेला अभ्यास म्हणजे एका हाताने माल आत घ्यावा आणि दुसऱ्या हाताने मागच्या दाराने बाहेर टाकावा, तसे आहे.

लक्षाचेही तसेच. जे ध्यानपूर्वक ऐकलेच नाही ते आठवणार कोठून? त्या पाऊण तासापुरता मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा. हा नियम घरातील मोठ्यांनीही पाळला तर सांगण्याची गरज उरत नाही.

काही मुलांची अडचण मात्र वेगळी असते. अक्षरे ओळखण्यात वा वाचण्यात सततचा त्रास, दृष्टिदोष, रक्ताल्पता किंवा मनाची दीर्घ उदासी यांमुळेही अभ्यास राहत नाही. तसे वाटल्यास रागावण्यापूर्वी तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. अध्ययन-अक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या विद्यार्थ्यांना राज्याच्या परीक्षा मंडळाकडून सवलती मिळतात. त्या घेण्यात कमीपणा मानू नये.

विचारणारे घर

या साऱ्यात घरातील मंडळींचे काम अगदी सोपे आणि तरीही अवघड आहे. त्यांनी विचारावे, पण उलटतपासणी घेऊ नये. "पाठ झाला का?" या प्रश्नाचे उत्तर केवळ हो किंवा नाही असते. "आज त्या पाठात काय होते, मला समजेल असे सांग," हा प्रश्न मुलाला आठवायला लावतो. या कामासाठी आजीसारखा उत्तम श्रोता नाही. तिला भागीदारी कायदा ठाऊक नसतो, म्हणून ती खऱ्या कुतूहलाने विचारते, "अरे, मग भागीदार वारला तर पेढीचे काय?" नातवाला उत्तर शोधावे लागते, आणि जे आजीला समजावून सांगता आले ते उत्तरपत्रिकेतही लिहिता येते.

मुलगा अडखळला तर वडिलांनी रोजमेळातील तुटीसारखे त्याकडे पाहावे. मेळ जमला नाही म्हणून कोणी मुनीमजींची बुद्धी काढत नाही. नोंद कोठे चुकली ते सगळे मिळून पाहतात. पाहुण्यांसमोर प्रश्न विचारणे, भावंडांशी तुलना करणे, जुन्या गुणांची आठवण देणे, हे सारे टाळावे. भीती वाटू लागली की मनाचा मोठा भाग तिलाच सांभाळण्यात गुंततो आणि येत असलेले उत्तरही ओठांवर येत नाही. मुलींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घरकामाच्या हाकांनी तिची पाऊण तासाची बैठक पाच वेळा मोडत असेल, तर तिच्या विस्मरणाची नोंद घराच्या खात्यावर झाली पाहिजे.

स्मरणशक्तीचे मोल किती मानावे, याचा एक आदर्श समाजासमोर आहेच. श्रीमद् राजचंद्र यांनी १८८७ साली मुंबईच्या फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये शतावधानाचा प्रयोग केला तेव्हा त्यांच्या वयाला वीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. शंभर गोष्टींवर एकाच वेळी अवधान ठेवणाऱ्या या तरुणाची मोठी कीर्ती झाली. त्यांनी मात्र लवकरच असे जाहीर प्रयोग सोडून दिले. जवाहिऱ्याचा व्यवसाय सचोटीने करीत ते आत्मचिंतनाकडे वळले. १८९१ साली विलायतेहून परतलेल्या गांधीजींनी त्यांची स्मरणशक्ती स्वतः पारखून पाहिली. परंतु आपल्यावर खरा प्रभाव पडला तो त्यांच्या शास्त्रज्ञानाचा, निर्मळ चारित्र्याचा आणि आत्मदर्शनाच्या तळमळीचा, असे गांधीजींनी आत्मकथेत नोंदवले आहे. स्मरण हे साधन आहे. ते ज्याच्याकडे विपुल होते त्यानेच त्याला शेवटचे स्थान दिले नाही. मग ज्या मुलाकडे ते थोडे कमी दिसते, त्याचे सारे मोल त्यावरून कसे ठरवावे?

परीक्षेला अजून काही आठवडे आहेत. एवढ्या काळात सारा अभ्यासक्रम नव्याने वाचून होणार नाही, पण तीस दिवसांचा रोजमेळ निश्चित मांडता येईल. पहिल्या आठवड्यात तूट मोठी दिसेल, लाल शाई जास्त लागेल आणि मुलगा निराश होईल. त्या आठवड्यात त्याला सावरणे हे घराचे काम. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात लाल शाई हळूहळू कमी होत जाईल आणि ती कमी होताना तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहील. आपल्या डोक्यात काही राहत नाही, हे वाक्य खोडून काढण्यासाठी त्याला दुसऱ्या कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज उरणार नाही. पुढे तो सनदी लेखापाल होवो की पेढी सांभाळो, निर्णय त्याचा स्वतःचा असेल. आज रात्री त्याच्यासमोर एक कोरा कागद ठेवावा, पुस्तक मिटावे आणि प्रेमाने एवढेच विचारावे, "आज काय काय शिकलास, सांग बरे."